‘रिसेप्टर सापडला’ म्हणणारा पेपर कसा तपासायचा: डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंसाठी आठ टप्पे

डेंगीवरच्या सेमिनारमध्ये एक स्लाइड हमखास असते. वर ‘डेंगीचे रिसेप्टर’ (विषाणू ज्या रेणूला धरून पेशीत शिरतो तो रिसेप्टर) असं शीर्षक आणि खाली दहा-बारा नावं: हेपरान सल्फेट, डीसी-साइन, मॅनोज रिसेप्टर, टिम-1, अ‍ॅक्सल, जीआरपी-78, सीएलईसी-5ए वगैरे. प्रत्येक नावामागे छापील पेपर आहे, म्हणजे यादी खोटी नाही. पण एका पंगतीत बसवलेली ही मंडळी एका जातीची नाहीत. कुणी विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावर नुसतं धरून ठेवतं, कुणी आत नेतं. सीएलईसी-5ए तर विषाणूला आत घेत नाही, तो चिकटल्यावर दाहाचे संकेत सोडतो. आणि काही रेणू फक्त प्रयोगशाळेत सरावलेल्या विषाणूलाच भाव देतात.

पुढचे टप्पे जर्नल क्लबसाठी पेपर वाचणाऱ्यांना, प्रबंधाचा पहिला भाग लिहिणाऱ्यांना आणि या विषयावर लेख लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतील. प्रयोग करण्याची कृती इथे नाही, प्रयोग वाचण्याची आहे. क्रम मात्र पाळा. बहुतेक जण सारांश वाचतात आणि थेट रचनेच्या रंगीत चित्रावर जातात. ते चित्र आपल्या क्रमात सहावं आहे, आणि ज्या चुका होतात त्या दुसऱ्या आणि पाचव्या टप्प्यांत.

## तयारी

पेपर, त्याची पुरवणी माहिती आणि एक कोरा कागद घ्या. कागदावर चार रकाने पाडा: ‘चिकटतो’, ‘आत शिरतो’, ‘आत गेल्यावर वाढतो’, ‘प्राण्यात फरक पडतो’. पेपरमधली प्रत्येक आकृती यांपैकी एकाच रकान्यात टाकायची. एखादी आकृती दोन रकान्यांत बसतेय असं वाटलं तर त्या प्रयोगाने नक्की काय मोजलं हे अजून कळलेलं नाही, असं धरा. त्या आकृतीखालची ओळ पुन्हा वाचा.

पद्धती विभागातून पाच गोष्टी आधीच टिपून ठेवा: विषाणूचा स्ट्रेन (वाण), तो कोणत्या पेशींत आणि किती पॅसेज (एका थाळीतून दुसरीत नेऊन वाढवण्याच्या फेऱ्या) वाढवला, प्रयोगाच्या पेशी कोणत्या, एमओआय (दर पेशीमागे घातलेले संसर्गक्षम कण) किती, आणि मोजमाप कशाचं (आरएनए, प्लाक म्हणजे पेशींच्या थरात विषाणूने पाडलेली भोकं, की संसर्ग झाल्याने चमकणाऱ्या पेशींची टक्केवारी).

## टप्पा 1: कण कोणत्या घराण्याचा ते ठरवा

डास चावून पसरतात एवढंच या विषाणूंमध्ये समान आहे. पेशीला धरायची पद्धत घराण्यागणिक बदलते.

फ्लॅव्हिव्हायरस (डेंगी, झिका, वेस्ट नाईल, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर) सुमारे 50 नॅनोमीटरचे असतात. परिपक्व कणावर ई प्रथिनाच्या 180 प्रती, म्हणजे 90 जोड्या, कौलांसारख्या आडव्या पडलेल्या असतात. चिकटण्याचं आणि पटलं जुळवण्याचं काम हे एकच प्रथिन करतं.

अल्फाव्हायरस (चिकुनगुन्या, सिंडबिस, रॉस रिव्हर) सुमारे 70 नॅनोमीटरचे असतात. त्यांच्यावर 80 काटे असतात आणि प्रत्येक काटा ई2-ई1 या जोडीच्या तीन प्रतींचा. रिसेप्टर धरण्याचं काम मुख्यतः ई2 करतं, पटल जुळवायचं काम ई1 कडे. रिफ्ट व्हॅली तापाचा विषाणू तिसऱ्याच घराण्याचा आहे, त्याची प्रथिनं वेगळी.

तपासा: पेपर अल्फाव्हायरसवर असेल तर त्याचा निष्कर्ष डेंगीच्या स्लाइडवर जाता कामा नये. ‘डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा रिसेप्टर’ असा शब्दप्रयोग दिसला की तिथेच थांबा. असा एक रिसेप्टर नाही.

## टप्पा 2: विषाणूचा साठा कुठे वाढवला होता?

पद्धती विभागातली सर्वांत कंटाळवाणी ओळ हीच, आणि अर्ध्या वादांचं मूळही हीच. दोन गोष्टी पाहा.

पहिली, साखरा. विषाणूच्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या बसवते ती पेशी. डासाच्या सी6/36 पेशींत वाढलेल्या कणांवर मॅनोज जास्त असलेल्या साखळ्या येतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढलेल्या कणांवर त्या बऱ्याच जागी गुंतागुंतीच्या होतात. डीसी-साइन हे लेक्टिन, म्हणजे साखर धरणारं प्रथिन, मॅनोजला भुलतं. डेंगीच्या ई प्रथिनावर 67 व्या जागेच्या अ‍ॅस्परॅजिनवर बसलेली साखळी ते धरतं. त्यामुळे साठा सी6/36 मधला असेल तर डीसी-साइनचा परिणाम ठळक दिसतो, माकडाच्या व्हेरो पेशींतला असेल तर तो फिका पडू शकतो. विषाणू तोच, निष्कर्ष दोन. डास चावतो तेव्हा डासातून आलेला कण पेशीला भेटतो, पण संसर्ग पसरतो तेव्हा माणसाच्या पेशीतून निघालेला कण. पेपर यांपैकी कोणत्या क्षणाबद्दल बोलतोय ते लिहून ठेवा.

दुसरी, सराव. हेपरान सल्फेट ही पेशींच्या पृष्ठभागावरची ऋणभारित साखळी आहे आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक पेशींवर ती भरपूर असते. पुन्हा पुन्हा पॅसेज केले की पृष्ठभागावर धनभार वाढलेले विषाणू निवडले जातात, कारण ते अशा पेशींना पटकन चिकटतात. चिकुनगुन्याच्या 181/25 या लसीच्या स्ट्रेनमध्ये ई2 च्या 82 व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनिन आलं आहे आणि हेपरान सल्फेटवरची पकड वाढली आहे. असा विषाणू थाळीत जोमदार दिसतो, प्राण्यात मात्र सौम्य ठरतो.

सावधान: पॅसेजचा आकडा दिलेलाच नसेल तर हेपरान सल्फेटबद्दलचा कोणताही दावा ‘प्रलंबित’ म्हणून ठेवा. रुग्णाकडून वेगळा केलेला, कमी पॅसेजचा स्ट्रेन तुलनेला घेतला असेल तर त्या पेपरला एक गुण जास्त.

फ्लॅव्हिव्हायरससाठी आणखी एक प्रश्न विचारा: कण किती परिपक्व? पेशीतल्या फ्युरिन या एन्झाइमने कणावरचं प्रीएम प्रथिन पुरतं कापलं नसेल तर कणाचं कवच अर्धवट उघडं राहतं. अशा कणांच्या पटलातलं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर पोहोचू शकतं आणि टिम (टिम-1) व टॅम (अ‍ॅक्सल) कुळातली प्रथिनं थेट किंवा मध्यस्थामार्फत त्यालाच धरतात. म्हणजे ती विषाणूचं प्रथिन ओळखत नाहीत, मरणाऱ्या पेशीवर दिसणारी खूण ओळखतात.

## टप्पा 3: चिकटण्याचा प्रयोग

नेहमीची मांडणी अशी: पेशी आणि विषाणू 4 अंश सेल्सिअसला साधारण तासभर एकत्र ठेवायचे. एवढ्या थंडीत पेशी काही आत ओढून घेत नाही, त्यामुळे जे दिसतं ते फक्त पृष्ठभागावर चिकटलेलं. मग थंड द्रावणाने दोन-तीनदा धुऊन उरलेला आरएनए आरटी-क्यूपीसीआरने (आरएनएच्या प्रती मोजायची पद्धत) मोजायचा. प्रयोग साधा आहे, वाचताना फसायला जागा मात्र भरपूर.

पेशी कशा सुट्या केल्या? ट्रिप्सिनने सोडवलेल्या पेशींवरची प्रथिनं कापली जातात. म्हणून शहाणे लोक ईडीटीए वापरतात. पण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि डीसी-साइनसारखी लेक्टिनं तसंच एलडीएलआर (कोलेस्टेरॉलचे कण आत घेणारा रिसेप्टर) कुळातली प्रथिनं कॅल्शियमशिवाय काही धरत नाहीत. ईडीटीए धुऊन काढून कॅल्शियम असलेलं द्रावण परत घातलं का, ते पाहा. नसेल तर ‘चिकटत नाही’ हा निष्कर्ष प्रयोगाच्या पद्धतीतून आलेला असू शकतो.

सीरम होतं का? अ‍ॅक्सल विषाणूला थेट धरत नाही. मध्ये गॅस6 नावाचं प्रथिन पूल बनतं, आणि ते सीरममधून येतं. सीरमशिवाय केलेल्या प्रयोगात अ‍ॅक्सलचा परिणाम दिसला नाही तर आश्चर्य नाही.

काय मोजलं? आरएनएची संख्या म्हणजे संसर्ग करू शकणाऱ्या कणांची संख्या नव्हे. समजा साठ्यात एका प्लाकमागे आरएनएच्या 1000 प्रती आहेत. मग चिकटलेल्या दर 1000 कणांपैकी 999 पुढे काहीच करणार नसतील. रिसेप्टरवर अवलंबून असलेला तो एक कण या गर्दीत हरवतो. क्यूपीसीआरचे आकडे वाचताना हेही लक्षात ठेवा: सीटीमध्ये (खूण दिसेपर्यंत लागलेली चक्रं) 1 चा फरक म्हणजे साधारण दुप्पट, 3.3 चा फरक म्हणजे दहापट. सीटीचा फरक 0.6 असेल तर ती जेमतेम दीडपट आहे. अशा फरकावर संख्याशास्त्रीय महत्त्वाची तारांकनं कितीही लागोत, पुढचे टप्पे पाहिल्याशिवाय काही बोलू नका.

हेपरान सल्फेटसाठी कंट्रोल कोणते हवेत? हेपरिनेजने साखळ्या कापणं आणि विरघळलेलं हेपरिन घालून स्पर्धा लावणं, दोन्ही. सोबत जनुकीय पुरावा असेल तर उत्तम: हॅमस्टरच्या सीएचओ पेशींचा पीजीएसए-745 हा प्रकार ग्लायकोसअमिनोग्लायकॅन (हेपरान सल्फेटसारख्या साखळ्या) बनवूच शकत नाही. नुसत्या हेपरिनच्या स्पर्धेवर विसंबू नका. हेपरिन धनभार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला चिकटतं आणि रस्ता अडवतं.

इथपर्यंतच्या पुराव्यावर रेणूला ‘चिकटण्यास मदत करणारा’ म्हणता येतं. रिसेप्टर म्हणायला अजून वेळ आहे.

## टप्पा 4: चिकटला, पण शिरला का?

डेंगी आणि चिकुनगुन्या, दोन्हींचे विषाणू पेशीच्या पटलाच्या पिशवीतून आत जातात. ही पिशवी, म्हणजे एन्डोसोम, आम्ल झाली की त्यांच्या प्रथिनांचा आकार बदलतो आणि विषाणूचं पटल पेशीच्या पटलाशी एकजीव होतं. म्हणून ‘आत शिरला’ म्हणायला निदान एक प्रयोग असा हवा: थंडीत चिकटवून मग 37 अंशांवर नेणं, बाहेर राहिलेले कण प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने काढून टाकणं आणि उरलेलं मोजणं. ते एन्झाइम वापरलेलं नसेल तर मोजमाप ‘चिकटतो’ रकान्यातच जातं, लेखकांनी आकृतीवर ‘प्रवेश’ लिहिलं असलं तरी.

डीसी-साइनचं उदाहरण इथे बोलकं आहे. पेशीच्या आतल्या बाजूला असलेली, आत ओढून घेण्याची खूण बदलून टाकलेलं डीसी-साइन पेशींवर बसवलं, तरी डेंगीचा संसर्ग होतो. म्हणजे डीसी-साइन विषाणूला दारापर्यंत आणतं, आत घ्यायला दुसरं कोणी असतं. ते दुसरं कोण, याचं उत्तर डीसी-साइनच्या प्रयोगातून मिळत नाही.

सावधान: प्रतिपिंडांनी अडवण्याचे प्रयोग मॅक्रोफेजसारख्या पेशींवर किंवा के562, यू937 वर केले असतील तर एफसी-गॅमा रिसेप्टर (प्रतिपिंडाची एफसी ही शेपटी धरणारं पेशीवरचं प्रथिन) आठवा. विषाणूला चिकटलेलं प्रतिपिंड कमी प्रमाणात असेल तर या पेशी प्रतिपिंडासकट विषाणू आत घेतात आणि संसर्ग उलट वाढतो. डेंगीत हे विशेष गाजलेलं आहे. इथे नेहमीच्या रिसेप्टरला वगळून आत जायची वाट तयार होते.

## टप्पा 5: जनुक काढा, परत घाला

पेपरचा कणा हाच. आरएनएआय (जनुकाचा संदेश दाबणारे छोटे आरएनए) वापरून प्रथिन कमी केलं असेल तर निदान दोन वेगळे क्रम हवेत. दुपदरी आरएनएमुळे इंटरफेरॉन (पेशीला विषाणूविरुद्ध सावध करणारा संकेत) जागा झाला तरी विषाणू कमी होतो, आणि त्याचं श्रेय उगाच प्रथिनाला जातं. क्रिस्परने जनुक पूर्ण तोडलं असेल तर चार गोष्टी याच क्रमाने शोधा.

1. प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरून खरंच गेलं का? डीएनए क्रम पुरत नाही, फ्लो सायटोमेट्रीची आकृती हवी.

2. एकापेक्षा जास्त क्लोन (प्रत्येकी एकाच पेशीतून वाढवलेले समूह) आहेत का? एकच क्लोन असेल तर त्याच्यातला दुसराच काही बिघाड परिणाम घडवत असू शकतो.

3. जनुक परत घातल्यावर संसर्ग परतला का? परत घातलेल्या जनुकात गाइडची (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या आरएनएची) जागा बदललेली असावी, नाहीतर कॅस9 ही क्रिस्परची कात्री तेही कापते. त्याहून चांगलं म्हणजे विषाणूला धरू न शकणारं बदललेलं रूप घालून पाहणं. त्याने संसर्ग परतला नाही तर दावा घट्ट होतो.

4. विषाणूचा आरएनए थेट पेशीत सोडल्यावर काय झालं? जनुक नसलेल्या पेशीत तोही वाढत नसेल, तर अडचण दारात नाही, घरात आहे. डेंगीवर 2016 मध्ये झालेल्या जनुकव्यापी क्रिस्पर चाळण्यांतून (एकेक जनुक तोडून विषाणूला कोणतं लागतं ते पाहणं) एसटीटी3ए आणि तिच्या कुळातली नावं ठळकपणे वर आली. ती एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये साखरा जोडणारी यंत्रणा आहे. विषाणूला ती हवीच, पण रिसेप्टर म्हणून नव्हे. ‘जनुक काढलं, संसर्ग थांबला, म्हणून रिसेप्टर’ असं लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण कागदावर डकवून ठेवावं.

आता एमओआयचा हिशेब, कारण चांगले पेपरसुद्धा इथे घसरतात. एमओआय 1 म्हणजे सगळ्या पेशींना संसर्ग नव्हे. सुमारे 63 टक्के पेशींना होतो, 37 टक्के कोऱ्या राहतात. समजा एमओआय 10 वर प्रयोग केला आणि जनुक काढल्यामुळे प्रवेश दहापट घटला. म्हणजे परिणाम एमओआय 1 सारखा, आणि 63 टक्के पेशी तरीही चमकणार. आकृतीत ‘100 टक्क्यांवरून 63 टक्के’ दिसेल आणि वाचणारा म्हणेल, किरकोळ परिणाम. हाच प्रयोग एमओआय 0.1 वर केला असता तर सुमारे 9.5 टक्क्यांवरून 1 टक्का दिसला असता. जास्त एमओआय खरा परिणाम झाकतो. कमी एमओआय आणि दोन दिवस वाट, अशी जोडी असेल तर विषाणूच्या अनेक फेऱ्या होऊन छोटा फरक फुगतो. म्हणून एकाच फेरीचं, कमी एमओआयचं मोजमाप शोधा.

तपासा: प्रथिन अवाजवी प्रमाणात बनवून घेतलेल्या पेशीच फक्त वापरल्या आहेत का? चिकट लेक्टिन पृष्ठभागावर भरमसाट बसवलं की बरेच विषाणू धरले जातात. मुळात ते प्रथिन असलेल्या पेशीतून ते काढून परिणाम दाखवलेला हवा.

## टप्पा 6: थेट स्पर्श

शुद्ध प्रथिन आणि शुद्ध कण (किंवा विषाणूसदृश पोकळ कण) एकमेकांना धरतात का, हे पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद किंवा तत्सम पद्धतीने दाखवलेलं असतं. एफसी जोडलेलं प्रथिन दुहेरी असतं आणि कणावर शेकडो जागा असतात. त्यामुळे दिसणारी पकड एका जोडीची नसून अनेक हातांची असते. एका जोडीच्या पकडीचा आकडा हवा असेल तर एकेरी प्रथिनाचा प्रयोग शोधा.

शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र सुंदर असतं, पण ते ‘कुठे धरतं’ एवढंच सांगतं. शुद्ध प्रथिनं पुरेशा प्रमाणात एकत्र ठेवून मिळालेल्या चित्रावरून पेशीत तसंच घडतं असं धरू नका.

## टप्पा 7: प्राणी

झिका आणि अ‍ॅक्सलची गोष्ट इथे मोजमापाची पट्टी म्हणून वापरा. पेशींत अ‍ॅक्सल अडवलं की संसर्ग घटत होता. अ‍ॅक्सल नसलेल्या उंदरांना मात्र झिका होतोच. अ‍ॅक्सल इंटरफेरॉनचा प्रतिसाद दाबतं. ते अडवलं की पेशी जास्त सावध होते, त्यामुळे पेशींतली घट दारातलीच असेल असं नाही.

उंदीर कोणते, हेही पाहा. डेंगीचं एनएस5 प्रथिन माणसातलं स्टॅट2 (इंटरफेरॉनचा संकेत पुढे नेणारं प्रथिन) मोडतं, उंदरातलं मोडत नाही. म्हणून बरेच प्रयोग इंटरफेरॉनचे रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर होतात, आणि अशा उंदरात परिणाम दिसला तर तो त्याच मर्यादेसह लिहायचा.

## टप्पा 8: लेबल लावा

आता कागदावरचे रकाने पाहा. नमुन्यादाखल एमएक्सआरए8 घ्या, चिकुनगुन्यासाठी 2018 मध्ये पुढे आलेलं प्रथिन. उंदराच्या 3टी3 पेशींवरच्या क्रिस्पर चाळणीतून ते निघालं. जनुक काढल्यावर संसर्ग घटला, परत घातल्यावर परतला, शुद्ध प्रथिन कणाला थेट धरतं. 2019 मध्ये रचनेतून ते काट्यावरच्या ई2-ई1 जोड्यांमधल्या खाचेत बसताना दिसलं. ते नसलेल्या उंदरांत संसर्ग आणि सांध्यांची सूज कमी. गाईच्या एमएक्सआरए8 मध्ये 15 अमिनो आम्लांचा जास्तीचा तुकडा आहे आणि त्यामुळे विषाणू तिला धरू शकत नाही, हा निसर्गानेच करून ठेवलेला कंट्रोल. चारही रकाने भरले. तरीही एक अट लिहावी लागते: काही पेशींना एमएक्सआरए8 शिवायही संसर्ग होतो.

लेबलं तीनच ठेवा. ‘चिकटण्यास मदत करणारा’: फक्त पहिला रकाना भरलेला. ‘प्रवेशाचा रिसेप्टर’: पहिले दोन भरलेले, थेट स्पर्श दाखवलेला, जनुक परत घातल्यावर परिणाम परतलेला, आणि आरएनए थेट सोडल्यावर फरक नाही. ‘यजमान घटक’: फक्त तिसरा. लेबलाशेजारी साठ्याची पेशी आणि प्रयोगाची पेशी लिहाच.

एका विषाणूसमोर दोन रिसेप्टर आले तर गोंधळू नका. सिंडबिससाठी 2011 मध्ये एनआरएएमपी आलं, दहा वर्षांनी व्हीएलडीएलआर आणि एपीओईआर2 आले. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, पेशी वेगळ्या असू शकतात. डासाच्या पेशींत मिळालेला निष्कर्ष माणसाच्या स्तंभात टाकू नका, उलटही नको.

आणि डेंगीच्या त्या स्लाइडवर शीर्षक बदलून ‘डेंगीला पेशीवर धरणारे रेणू’ असं करा. ‘प्रवेशाचा रिसेप्टर’ या ओळीसमोर लिहा: सर्वमान्य असा एकही नाही.